बाबांनी काढलेलं तण

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवणार नाही. फार्मसीत मी अतिशय गोड असते. इकडे परदेशात, हॉर्नबी या उपनगरातल्या काउंटरमागे उभी राहून गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे एकाच माणसाला तीनदा सांगते आणि तिन्ही वेळा हसून सांगते. सगळा गोडवा तिथेच संपतो. घरच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे आणलं. म्हणजे ते "चार-सहा महिने येऊन बघतो" म्हणाले आणि मी तेवढ्यावर त्यांना बॅगा भरायला लावल्या. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच सकाळी दूध तापवतायत, भांड्याशी उभे राहून साय धरायची वाट बघतायत, हे चित्र मला झोपू देत नव्हतं. त्यांनी कायमचं माझ्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यांची अटही एकच होती. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी ती सांगून टाकली. "मला काम दे. नुसतं बसवून खायला घातलंस तर मी राहायचा नाही."

घरात काय काम देणार? पंधरा दिवसांत सगळ्या बिजागऱ्यांना तेल लागलं. कचऱ्याचा लाल डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा आणि पिवळा कुठल्या, हे त्यांनी पाठ केलं, आणि मग शेजाऱ्यांचेही डबे न विचारता बाहेर काढायला लागले. तेही संपल्यावर खिडकीशी बसून राहायचे. माझ्या मुलीला मराठी समजतं पण ती उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे त्या दोघांचं संभाषण दोन वाक्यांत आटपायचं. "आजोबा, यू ओके?" "ओके, ओके." आमचा बाप तालुका कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, तीसेक वर्षं शेतांच्या बांधांवरून चाललेला. त्याला असं ओके होताना बघून माझा जीव तुटायचा आणि मी त्यांच्यावरच खेकसायचे, की जरा बाहेर फिरून तरी या.

शेवटी मी त्यांना माझ्या शनिवारच्या जागी न्यायचं ठरवलं. आमच्या फार्मसीत एक ऐंशीच्या घरातल्या बाई गुडघ्याच्या गोळ्या न्यायला यायच्या. हॉर्नबीच्या पुढे अर्ध्या तासावर त्यांची शेती होती. बहुतेक जमीन दुभत्या गाईंसाठी भाड्याने दिलेली, फक्त एक खोलगट कोपरा वर्षानुवर्षं पडीक होता, कारण तिथे ट्रॅक्टर रुतायचा. चर खणून पाणी काढून टाकण्याआधी हा सगळा भाग पाणथळ होता. आता त्या कोपऱ्यातही बाहेरून आणून पेरलेलं गवतच माजलं होतं. बाईंना तिथे मूळचं पाणगवत परत आणायचं होतं. पुकिओ नावाचे झुबके, तलवारीसारख्या लांब पानांचा हाराकेके, पायाशी उभं पाणी. आणि ते आलं की मातुकू येईल, अशी त्यांची आशा होती. मातुकू म्हणजे बगळ्याच्या जातीचा एक लाजरा पक्षी. कुणी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तो दलदलीतून घुमतो म्हणे. बाईंनी तो लहानपणी ऐकला होता आणि मरायच्या आत एकदा ऐकायचा होता. त्यांच्या मुलाने मुदत दिली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथे काही उभं राहिलं तर कोपरा आईचा, नाहीतर गाईंचा.

आम्ही पाच-सहाजण दर शनिवारी जायचो. पुकिओची रोपं बाईंनी स्वतः केली होती. रस्त्याकडेच्या एका चरात थोडे जुने झुबके टिकून होते, त्यांचं बी त्यांनी गोळा केलं. पुढच्याच वर्षी तो चर मशीनने साफ झाला आणि झुबके गेले. म्हणजे त्या भागातलं जे काही राहिलं होतं, ते बाईंच्या व्हरांड्यातल्या ट्रेमध्ये होतं. दोन हिवाळे त्यांनी ती रोपं सांभाळली आणि मग, बाबा यायच्या आधीच, आम्ही ती खालच्या पट्ट्यात लावली.

बाबा पहिल्या दिवशी गाडीतून उतरले, मूठभर माती उचलली, दाबली, वास घेतला. "निचरा नाही हिला," ते गंभीरपणे म्हणाले. मी बाईंना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना कुंपणाला धरावं लागलं. "त्यांना सांग, हाच तर तिचा गुण आहे!" बाबांना ते काही पटलं नाही, पण पुढच्या शनिवारी ते माझ्याआधी तयार होऊन गाडीपाशी उभे होते. हातात खुरपं होतं. साताऱ्याहून आणलेलं. बाहेरची माती या देशात चालत नाही, म्हणून विमानतळावरच्या माणसाने ते दिव्याखाली धरून मातीचा कण शोधला होता आणि त्याला सापडला नव्हता, याचा बाबांना कोण अभिमान. खुरपं धुतल्याशिवाय ठेवलं असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

चार-पाच शनिवार चांगले गेले. बाबा बादल्या भरायचे, कुंपणाकडेच्या उंचवट्यावर भुसा पसरायचे, बाईंना इथला नमस्कार, "किआ ओरा", म्हणायचे. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खायचे. एकदा जेवताना म्हणाले, "पावसाळ्यानंतर त्या वरच्या बाजूचं बघायला पाहिजे." इथे पावसाळा नसतो, पण मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. त्यांनी पुढच्या वर्षाची गोष्ट काढली होती, मला तेवढं पुष्कळ होतं.

ऑक्टोबरात लेबर वीकेंडची तीन दिवसांची सुट्टी असते; त्या शनिवारी बाकीचे सगळे बाहेरगावी गेले आणि मला नेमकी दुपारपर्यंत ड्यूटी लागली. बाबा म्हणाले, मला सोड आणि जा, मी करतो. मी त्यांना फाटकापाशी सोडलं. उशीर झाला होता. गाडीतूनच हात करून म्हटलं, "बाबा, त्या खालच्या पट्ट्यातलं तण काढा, बास." आणि निघाले.

कुठलं तण, ते मी दाखवलं नाही. दोन मिनिटं लागली असती. उशीर हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला लाज वाटली. ज्या माणसाने तालुकाभर लोकांना तण कशाला म्हणतात ते शिकवलं, त्याला मी, गोळ्या मोजणारी, चिखलात उतरून सांगणार, की बाबा, हे तण बरं का? आपल्याकडे बापाला असं कुणी शिकवतं का? त्यांनीही मान डोलावली. मुलीला विचारायचं ते तरी कसं.

दुपारी परतले तेव्हा नॉर्थवेस्टर सुटला होता. डोंगरावरून येणारा तो कोरडा, गरम वारा दोरीवरचे कपडे तासाभरात कडक करतो. बाबा कुंपणाशी उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी मागे सरकलेली. चेहऱ्यावर आई गेल्यापासून मी न बघितलेला आनंद होता. "ये, बघ," ते म्हणाले. "मुळाची एक गाठ आत ठेवली नाही."

खालच्या पट्ट्यात परकं गवत हिरवंगार डुलत होतं. त्याच्या बुडाशी माती भुसभुशीत केलेली. आणि कुंपणाकडेला, उंचवट्यावर, पुकिओची सगळी रोपं, मुळं आकाशाकडे करून, ढिगाने वाळत पडली होती.

काय झालं ते मला तेव्हाच कळलं. रोपं ओळीत नव्हती, कारण ती नैसर्गिक दिसावीत म्हणून आम्ही मुद्दाम विखरून लावली होती. ओळ नाही, म्हणजे पीक नाही. त्यांच्याभोवतीची पुठ्ठ्याची कुंपणं हिवाळ्याच्या पाण्यात वाहून गेली होती. पानं तपकिरी, निम्मी मेल्यासारखी, कारण ती मुळातच तशी असतात. आणि बुडाशी त्रिकोणी दांडा. साताऱ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ओल्या रानात त्रिकोणी दांड्याचं जे उगवतं ते काय असतं. लव्हाळा. बाबांनी नोकरीभर ज्याच्याशी वैर धरलं तो लव्हाळा. शेजारी लुसलुशीत चारा, आजूबाजूला गाईच गाई. त्यांनी चारा राखला आणि लव्हाळा काढला. काढला तोही रीतीने. उपटलेलं तण रानात पडू दिलं तर ओलीवर परत धरतं, म्हणून ते बांधावर आणून मुळं वर करून वाळवायचं असतं. एखाद्या आळशी माणसाने ती रोपं उपटून तिथेच चिखलात टाकली असती, तर त्यातली निम्मी जगली असती.

मी किंचाळले. "काय केलंत हे! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच तर," बाबा म्हणाले.

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मी आणखी भडकले. जे बोलले ते शब्द न् शब्द आठवतं, कारण तसं बोलणारी मी माझ्या कानांनी ऐकली. "यापेक्षा घरी बसला असतात तर बरं झालं असतं!"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

आवाज ऐकून बाई काठी टेकत आल्या. सकाळभर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांना वाकून काम करताना पाहिलं होतं आणि लांबून त्यांना फार बरं वाटलं होतं. त्यांची नजर तेवढीच पोचायची. त्यांनी काठीने ढिगातलं एक रोप उलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "किती नीट काम केलंय त्यांनी," आणि त्यात टोमणा नव्हता. त्या बादली आणायला वळल्या.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघांनी ती रोपं परत लावली. बाबांचा प्रत्येक खड्डा सारख्या खोलीचा. टाचेने माती दाबायची त्यांची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. मध्येच त्यांनी एक दांडा बोटांत फिरवून पाहिला. "लव्हाळाच आहे की हा."

"त्यातलाच आहे. तोच लावला होता त्यांनी."

"असं होय," ते म्हणाले, आणि पुढचा खड्डा घेतला.

पुकिओची पंचाईत अशी, की जिवंत असतानाही तो वाळल्यासारखा दिसतो. मेला की नाही हे नुसतं बघून कळत नाही, हलकेच ओढून बघावं लागतं. दर शनिवारी मी ओढून बघायचे. दर शनिवारी काही हातात यायचे. बाबा बादल्या वाहायचे. त्यांनी एकही ओढून पाहिला नाही. बाई त्यांच्यासाठी चहा घेऊन यायच्या आणि शेजारी उभ्या राहायच्या. नॉर्थवेस्टर थांबायचं नाव घेत नव्हता. नाताळापर्यंत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यापर्यंत, माझ्या ओढण्याला अडणारं एकही रोप राहिलं नाही.

मी माफी मागितली होती. त्याच रात्री मागितली, नंतरही दोनदा. "अगं, त्यात काय," ते म्हणाले. बाबांचं हे वाक्य म्हणजे दार लावून घेणं असतं. जानेवारीत त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. घर बंद पडलंय, म्हणाले. मी रडले, चिडले, व्हिसा वाढवता येतो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅग भरली. ते गेल्यावर गॅरेज आवरताना रंगाच्या डब्यांमागे खुरपं मिळालं. त्याच्या पात्यावर चिखल तसाच वाळलेला होता.

जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, बाई गोळ्या न्यायला आल्या आणि म्हणाल्या, कोपऱ्यात गाई सोडल्या. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझे वडील कसे आहेत?" मग मी त्यांना गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितलं, जणू त्यांना ते माहीतच नव्हतं.

बाबांना मी हे कळवलं नाही. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "लव्हाळा काय म्हणतोय?" मी सांगायचे, येतोय. मग सांगायला लागले, फुटवे धरलेत. एकदा तर म्हटलं, बाई म्हणतात की मातुकूसुद्धा येईल. तुम्ही बघायला या, तुमच्यासाठी वरच्या बाजूचं काम ठेवलंय. ते "हो का" म्हणायचे, "छान" म्हणायचे. मला वाटायला लागलं होतं, की येतीलही.

गेल्या रविवारी त्यांनी लव्हाळ्याचं विचारलंच नाही. मीच आपणहून सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"अगं, मुळं वर करून उन्हात टाकलेलं परत येत नाही. मीच शिकवलंय ते लोकांना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुला सांगून बरं वाटत होतं म्हणून ऐकत होतो इतके दिवस. आता पुरे."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला.

"ठेवतो," बाबा म्हणाले. "दूध तापत ठेवलंय."