हॉजेस मेमचं बिस्किट

आमच्या भिंगारात कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि नाही कळलं तर मी जाऊन विचारते. चांदभाईंच्या भट्टीचं मात्र विचारावं लागत नाही. आमची भिंत एकच. सकाळी बिस्किटांचे पत्रे भट्टीत सरकले की शहाजिऱ्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि माझ्या पोह्यांकडे कुणी बघत नाही.

चांदभाई चौऱ्याऐंशीचे. कान हवं तेव्हाच ऐकतात. दात तीन. पण रोज पहिल्या पत्र्यावरचं बिस्किट स्वतः चहात बुडवून बघितल्याशिवाय मुलाला, इम्रानला, बरणी भरू देत नाहीत. जाडसर, वर साखर लावलेलं हे बिस्किट सगळीकडे 'हाजी बिस्किट' म्हणून ओळखलं जातं. श्रीरामपूरच्या बायका नाताळला डबे भरून नेतात. रमजानमध्ये तर रांग लागते. एकदा एक गृहस्थ मुलाची बारावी आहे म्हणून हाजींच्या हातचं एकच बिस्किट मागायला आले होते! चांदभाई स्वतः हजला कधी गेलेले नाहीत. मी चिडवते, "चाचा, बिस्किट हज करून आलं, तुम्ही इथंच."

खरं तर यात हाजी कुणीच नाही. कॅन्टोन्मेंटातल्या एका बंगल्यात हॉजेस नावाचा साहेब राहायचा आणि चांदभाईंचे वडील त्याच्याकडे खानसामा होते. मेमसाहेब दर शनिवारी स्वतः पीठ मळायला उभी राहायची. सत्तेचाळीस साली विलायतेला निघाली तेव्हा बिस्किटाची सगळी रीत वडिलांच्या हातात देऊन गेली. त्यांनी बाजारात भट्टी घातली. लोक आधी 'हॉजेस मेमचं' म्हणायचे, मग 'हॉजेसचं', मग 'हाजीसचं', आणि पुढं त्या 'स'चाही लोकांना कंटाळा आला.

चांदभाईंनी हे सत्तर वर्षं चालवून घेतलं. बिघडलं ते परवा, नात इन्शामुळं. तिच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय असा की पुढच्या पिढ्यांना कोणते ब्रिटिश आठवतील. पोरगी भट्टीसमोर बसून यादी करत होती. व्हिक्टोरिया राणी, चर्चिल, डायना, फुटबॉलवाला बेकहॅम.

"हॉजेस मेमला लिव्ह की," चांदभाई म्हणाले.

इन्शानं मोबाईलवर शोधलं. "दादा, ती कुठंच नाही."

"कुठंच न्हाई म्हंजे? मी तिला बघितलीय!"

"तसं नाही दादा, नेटवर नाही."

म्हातारा उठून आत गेला. त्या दिवशी पहिलं बिस्किटही तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी इम्रान नव्या खोक्याचा नमुना घेऊन आला, सोनेरी अक्षरांत 'हाजी बिस्किट'. चांदभाईंनी ते खोकं बाजूला ठेवलं. "हॉजेस छाप. माझ्यामागं तिचं नाव घेणारं कोन हाय?"

"अब्बा, हॉजेस कोण ओळखतंय? गिऱ्हाईक परत जाईल."

बापलेकांचं बोलणंच बंद झालं. छापखान्याला रविवारपर्यंत सांगायचं होतं. आता भांडण शेजारी आणि मी घरात बसू? मी गेले आणि म्हणाले, "भांडता कशाला? आज बरणीवर 'हॉजेस बिस्किट' अशी चिठ्ठी चिकटवा. पहिलं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बघू. त्यानं घेतलं तर चाचांचं खरं, नाही घेतलं तर इम्रानचं." दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. चिठ्ठी मीच लिहिली. माझं अक्षर वाईट आहे, पण हॉजेसला काय कळणार?

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाथर्डीकडच्या लंकाबाई. लेकीकडं निघाल्या होत्या. चष्मा सावरत त्यांनी चिठ्ठी वाचली. "हाजीचं संपलं व्हय? हे नगं बाबा, कंपनीचं दिसतंय."

इम्राननं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. चांदभाई मात्र काठी टेकत उठले. "मावशी, तेच हाय ते. हाजी कुनी नव्हताच. एक गोरी बाई हुती. तिनं माझ्या बापाला शिकवलं." आणि मग बंगला, शनिवार, विलायत, सगळं सांगितलं. एसटी जाईल म्हणून मी दोनदा खाकरले, पण लंकाबाई ऐकतच राहिल्या.

"आगं बया! म्हंजी बाई हुती व्हय? मला इतकी वर्सं दाढीवालाच वाटायचा. लई गुनाची म्हनायची, आपली ईद्या नोकराला देऊन गेली." पिशवी पुढं करून म्हणाल्या, "द्या, अर्धा किलो हाजीबाईचं द्या."

इम्रान खाली मान घालून तोलत राहिला. मला वाटलं, म्हातारा आता रडणार. पण चांदभाई तिन्ही दात दाखवून हसले, खोकला येईपर्यंत हसले.

"हाजीबाई!" त्यांनी परत म्हणून बघितलं. "इम्रान, लाव फोन. तेवढं 'बाई' वाढवायला सांग."

"आणि हॉजेस, अब्बा?"

"बारीक अक्षरात, मागं. वाचंल त्याला वाचू दे."

पलीकडून छापखानेवाला म्हणाला, बाई आहे तर तिचं चित्र हवं. इम्राननं विचारलं, "अब्बा, दिसायला कशी होती?"

चांदभाईंनी भट्टीकडं बघितलं. "मी सात वर्सांचा. टेबलाएवढा. तोंड काही आठवत न्हाई रे. हात आठवतात. कोपरापर्यंत पीठ, आन् घड्याळ वर सरकवलेलं. मी बघतोय म्हनून मला पिठाचा गोळा द्यायची, खेळायला."

"मग हातच छापा," मी म्हणाले. "माझे घ्या फोटोला. गोरे नाहीत, पण पीठ लावल्यावर कोण बघतंय?"

"तुझे हात बिस्किट खायचे, मनकर्णा. करायचे न्हाईत," चांदभाई म्हणाले आणि स्वतःच्या बाह्या सरकवून परातीजवळ गेले. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात बुडवले आणि दारात उभ्या इन्शाला म्हणाले, "हं, काढ फोटो."