झाला का रंग?

कापड हंड्यातून अर्धे वर उचलायचे, उजेडाकडे धरायचे, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करायची, आणि कापड पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. "रुका जरा. इचार करू द्या." कोणी घाई करत नसतानाही रंगारीकाका असे म्हणत. समोर बहुधा कोणी नसेच.

बऱ्हाणपुरातल्या आमच्या माडीच्या खिडकीखाली अरुंद गल्ली होती आणि गल्लीपलीकडे त्यांचे रंगाऱ्याचे दुकान. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. दुपारी खिडकीत वह्या तपासायला बसले की तापलेल्या तांब्याचा, मिठाचा आणि ओल्या सुताचा वास वाफेबरोबर वर येई आणि वह्यांचे कोपरे मऊ पडत. खाली त्यांचे हात दिसत. मनगटापर्यंत कधी डाळिंबी, कधी पोपटी. नखे मात्र बारमाही निळी.

राज्यांच्या नव्या हद्दी आखल्या जाण्याची ती वर्षे होती. आमचे गाव कोणत्या राज्यात राहणार, याचा काथ्याकूट पानाच्या ठेल्यावर रोज चाले. रंगारीकाकांच्या दुकानात मात्र एखाद्या लुगड्याचा रंग गुलाबीत राहावा की राणीत जावा, एवढाच प्रश्न असे, आणि त्यावरची चर्चा ते एकटेच करत.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील: हाताला सगळे येते, पण स्वतःच्या हातावर विश्वास नसतो. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उतरतो, त्यामुळे रंगाऱ्याला ओल्या कापडात वाळलेला रंग पाहावा लागतो. काकांना तो दिसत असे. पण दिसल्यावर ते थांबत. कापडाचे एक टोक पिळत, शेगडीच्या निखाऱ्यांवर धरून सुकवत, गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहत, पुन्हा पाहत. तेवढ्यात हंड्यात राहिलेले बाकीचे कापड निवांतपणे रंग पीत असे.

बहादरपूरच्या एका केळीवाल्याच्या घरचे लग्न होते. त्याने वऱ्हाडासाठी अकरा फेटे केशरी रंगवायला दिले. काकांनी प्रत्येक फेट्याचा स्वतंत्र विचार केला. दोरीवर वाळत घातलेल्या त्या अकरा फेट्यांत पिकल्या आंब्यापासून विटेपर्यंतचे सगळे रंग होते. केळीवाला बराच वेळ दोरीखाली उभा राहिला.

"रंगारीभाऊ, हे एकाच वरातीचे फेटे आहेत का आख्ख्या बाजाराचे?"

"रुका ना भाऊ, परत बुडवतो."

"परत? अन् लग्न काय पुढच्या साली लावू?"

गल्ली हसली. मीही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी एकेक फेटा उतरवून घडी घातली, फार नीट.

त्यानंतर गिऱ्हाइके कमी होत गेली. देडतलाईहून त्यांचा भाचा आला आणि ओट्यावर बसून मोठ्याने म्हणाला, "मामा, आता बस झालं. कुलूप लावा आणि चला आमच्याकडे. दोन टाइमची भाकर काय जड आहे का आम्हाला?" त्याच्या बोलण्यात माया होती. पण दुसऱ्याच्या ओसरीवर स्वच्छ हात घेऊन बसणे म्हणजे काय, हे काकांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा वर पाहून हाक मारली. "बाई, खरं सांगा. झाला का हा मोतिया?"

मी वह्यांच्या ढिगात बुडालेली होते. "झाला काका. काढा."

त्यांनी काढला. वाळल्यावर तो नेमका मोतिया निघाला. मग रोजचेच झाले. दुपारी हाक येई, मी "काढा" म्हणे आणि खाली पाण्याचा मोठा आवाज होई. कामे सुधारली. केळीवालासुद्धा परतला, बारशाची झबली घेऊन आला आणि म्हणाला, "या वेळी एकच रंग द्या, भाऊ. पोरगं एकच आहे." दिवाळी आली आणि गेली; भाच्याला काकांनी फराळ देऊन परत पाठवले. गल्लीत ते सांगत, "बाईंची नजर म्हणजे नजर आहे. कविता वाचतात ना त्या."

एकदा मला म्हणाले, "आमची मंडळी होती तेव्हा हंड्यातला दांडा तीच फिरवायची अन् ऐन वेळेला बस्स म्हणायची. ती गेली अन् घरात दोनच आवाज उरले बघा. मी विचारतो तो एक, अन् मीच जवाब देतो तो एक. दुसऱ्याचा भरवसा वाटत नाही."

आई गेल्यापासून आमच्याही घरात वडील कचेरीतून येईपर्यंत कोणाचा आवाज नसे. दिवसातून चार वेळा मला कोणीतरी हाक मारी, ती खिडकीखालून.

मग हद्दी ठरल्या. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि वडिलांचे नाव विदर्भाकडे जाणाऱ्या नोकरदारांच्या यादीत लागले. मी काकांना सांगायला खाली गेले. ते ओट्यावर टेकले. म्हणाले, "मग मी भाच्याला कळवतो. या वेळी येतो म्हणून."

तेव्हा मला राहवले नाही. "काका, एक सांगते. मी कधी रंग पाहिलाच नाही."

"म्हणजे?"

"वह्या तपासत असायची. मान वर न करता म्हणायची, काढा."

"त्या झबल्यांच्या वेळेला?"

"तेव्हाही. मला मोतिया आणि बदामी यांतला फरकसुद्धा धड कळत नाही. पण तुम्ही कच्च्या रंगासाठी मला कधी हाक मारलीच नाही, काका. रंग झाल्यावरच मारत होता."

मला वाटले होते ते हसतील. ते उठले, आत गेले आणि दाराची एक फळी लावून घेतली.

चार दिवस मला हाक आली नाही. मी खिडकीत बसून राही. पुढ्यात वह्या असत, लाल शाई वाळून जाई. पहिल्या दिवशी खाली काहीच हालचाल नव्हती. दुसऱ्या दिवशी वाफ आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक लुगडे अर्धे वर उचलले, मान कलती केली. 'काढा' हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. त्यांनी ते सगळेच्या सगळे बाहेर ओढले, पिळले, झटकले. वर पाहिले नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्या आनंदात कोणी रिकाम्या खोलीत भांडे ठेवावे तसा आवाज होता.

जाण्याच्या सकाळी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. वडील सामान मोजत होते. मी दुकानासमोर उभी राहिले. हंड्यात कापड होते.

"काका, निघाले."

"हो बाई." हात पाण्यातून निघाले नाहीत. "भाच्याला चिठ्ठी टाकली. नाही येत म्हणून कळवलं."

"बरं केलंत."

मला आणखी काहीतरी बोलायचे होते. काय बोलावे, आत्ता बोलावे की पत्रातून, ते रागावले आहेत का हे विचारावे की विचारू नये, याची जुळवाजुळव करत मी तशीच उभी होते. दांडा फिरत होता. शेवटी त्यांनीच माझ्याकडे पाहिले, क्षणभरच, पण पूर्ण.

"निघा आता, बाई. गाडी चुकेल."

टांगा वळेपर्यंत मी मागे पाहत होते. ते पुढच्या कापडाला लागले होते.