जिथं पाइप पोचत नाही

भिशी माझ्या घरी असली की मैत्रिणी आधीच बजावतात, "चहा नसला तरी चालेल, पण किस्से हवेत हं!" मी सावेडीतल्या एका इंधन एजन्सीत बरीच वर्षं नोकरी करतेय. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ढाबे, बेकऱ्या, पोल्ट्र्या, डेअऱ्या, मंगल कार्यालयं. जिथं गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही आणि विजेचा भरवसा नाही, अशा धंद्यांना आम्ही गॅस आणि डिझेल पुरवतो. कुणाला काय सोयीचं आणि ते कसं सांभाळायचं, हे समजावून सांगणं माझं काम. जोडणी करणं बबनरावांचं. बबनराव आमचे फिटर, शेवगावकडचे. मी दहा मिनिटं घसा कोरडा करते आणि हे गृहस्थ एका वाक्यात माणसाला पटवून मोकळे होतात! रोज गाडीत आम्ही दोघं, आणि रोज नवं गिऱ्हाईक. एक किस्सा नवऱ्याला सांगून होतोय तोवर दुसरा घडलेला असतो. किती म्हणून लक्षात ठेवायचे!

* * *

शेवगावला आम्ही छोट्या व्यावसायिकांचा मेळावा घेतला होता. आमचे साहेब इंग्रजीतले. पडद्यावर चित्रं दाखवत पाऊण तास 'ऑफ-ग्रिड फ्युएल'वर बोलले. लोक माना डोलवत होते. शेवटी पुढच्या खुर्चीवरच्या कौसाबाईंनी हात वर केला. त्यांची खव्याची भट्टी आहे.

"साहेब, ते ऑफग्रिड ऑफग्रिड म्हंजी काय वो?"

साहेब जरा चाचरले. "म्हणजे मावशी, ज्यांच्यापर्यंत वरून कुठलीच लाइन येत नाही. त्यांनी आपली सोय आपण करायची."

"हात्तिच्या! म्हंजी आमीच की!"

हॉलमध्ये हशा पिकला. पण त्या मेळाव्यात पहिलं कनेक्शन घेतलं ते कौसाबाईंनीच. लाकडं फुंकून फुंकून त्यांच्या डोळ्यांचं पार वाटोळं झालं होतं. दोन-तीन महिन्यांनी मी सहज डोकावले. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र, डोळ्यांची लाली गेलेली.

"काय मावशी, गॅस कसा वाटतोय?"

"लई झ्याक हाय. पर एक अडचण झाली बगा."

मी घाबरले. "काय झालं?"

"आदी पाव्हनं आलं की धुरानं दहा मिंटात उठून जायचं. आता उठतच न्हाईत!"

* * *

रस्त्यावरच्या एका ढाब्याचे मालक नाना. थंडीच्या दिवसांत त्यांचा सकाळी सकाळी फोन आला. "मॅडम, टाकी अर्धी भरलेली हाय आन् गॅस येत न्हाई. काय दिलंय तुमी भरून?"

जाऊन बघतो तर काय! चार मोठ्या शेगड्या एकाच सिलिंडरवर जोडलेल्या. सिलिंडरवर पांढरं बर्फ धरलेलं, आणि त्याभोवती दोन गोधड्या गुंडाळलेल्या!

मी समजावलं. आतला गॅस पातळ असतो. त्याची वाफ व्हायला बाहेरची ऊब लागते. तुम्ही भराभर ओढला की टाकी गार पडते, आणि गोधडीनं बाहेरची ऊबही अडते. नाना ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"आवो पर त्याला थंडी वाजतीया. दिसतंय की डोळ्यानं!"

मग बबनराव पुढं झाले. "नाना, एका बैलाला चार नांगर जुपल्यात तुमी. पांघरून कशाला घालताय? जोडीला बैल द्या!"

नानांना ते तिथल्या तिथं पटलं. दुपारपर्यंत तीन सिलिंडर एकत्र जोडून झाले, शेगड्या फुरफुरायला लागल्या. महिन्याभरानं तपासणीला गेले तर तीन सिलिंडर काढून बाजूला ठेवलेले, आणि जुन्या पद्धतीनं एकटाच जोडलेला चौथा सिलिंडर गारठून बसलेला. त्याच्या अंगाला टेकवून ताकाच्या बाटल्या ठेवलेल्या!

"नाना, हे काय?"

"फ्रीज बिगडलाय, मॅडम."

* * *

हा अगदी छोटा. एका बेकरीवाल्यांना मी सांगत होते, की गळती तपासायची तर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर समजायचं. ते हसले. "आम्ही काडी ओढून बघतो. वीस वर्षं झाली, काही झालं नाही!"

बबनराव पाना बाजूला ठेवून म्हणाले, "ज्यांना झालं, त्येंना वीस वर्षं मोजायला मिळाली न्हाईत, शेठ."

शेठनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं साबण किसला.

* * *

देवळाली प्रवराजवळ एक पोल्ट्री आहे. पिल्लांना ऊब द्यायला तिथं गॅसच्या शेगड्या लागतात. मालक तरुण, अभ्यासू आणि भयंकर भित्रा. एका आठवड्यात त्याचे तीन फोन आले. "मॅडम, गॅसचा वास येतोय!" तिन्ही वेळा आम्ही धावलो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही! पण वास मलाही येत होता. शेडमध्ये हजारो पिल्लं, आणि गळती सापडत नाही.

तिसऱ्या खेपेला बबनराव नाक वर करून शेडच्या मागं चालायला लागले. कुंपण ओलांडून शेजारच्या कांदा चाळीपाशी थांबले आणि तिथूनच ओरडले, "मॅडम, गॅस चांगला हाय! कांदा लीक झालाय!"

चाळीतला खालचा कांदा सडला होता. गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात तो वासही साधारण तसलाच. सगळे हसलो, पण मी मालकाला बजावलं, "कांदाच असेल म्हणून गप्प बसू नका. वास आला की दरवेळी फोन करायचा."

पंधरा दिवसांनी फोन. "मॅडम, वास येतोय."

"मेन व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर थांबा, निघालेच मी!"

"नाही नाही, बघून आलोय. कांदाच आहे. पण तुम्ही म्हणालात ना, दरवेळी फोन करा!"

* * *

एका डेअरीची वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. टाकीत हजारो लिटर दूध, उन्हाळ्याचे दिवस. मॅनेजर रडकुंडीला आलेले. "डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली आहे हो! थेंब वापरलेला नाही!"

दुखणं तिथंच होतं. दोन वर्षं नुसतं साठवलेलं डिझेल. तळाला पाणी उतरलेलं, गाळ बसलेला, फिल्टर तुंबलेला. बबनरावांनी तळ मोकळा केला, फिल्टर बदलला, आणि तासाभरात जनरेटर धडधडला. दूध वाचलं.

मी विचारलं, "हा चालवून कधी बघता?"

"चालवायला कशाला? जपलाय आम्ही. दर दसऱ्याला पूजा करतो!"

खरंच जनरेटरवर वाळका हार होता, बटणावर हळदीकुंकू. बबनराव बोटाला लागलेलं कुंकू पुसत म्हणाले, "पाया कमी पडा. आठवड्याला धा मिंटं चालवा. द्येवाला पन बरं वाटंल."

* * *

आता हा. हा मी हसत सांगते, पण घडला तेव्हा मला हसू सुचत नव्हतं.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं मंगल कार्यालय आहे. त्याच्याच पुतणीचं लग्न, म्हणून मला आणि बबनरावांना आमंत्रण. भर दुपारचा मुहूर्त. चार-पाचशे माणसं हॉलमध्ये, हातात अक्षता, गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितलेला. मी आपली सवयीनं मागं स्वयंपाकघराकडं गेले आणि दारातच थबकले. वास! उंदरानं भट्टीचा रबरी पाइप कुरतडला होता. गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो. आणि हॉलचं मागचं दार सताड उघडं.

बबनरावांनी धावत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद केला. भट्ट्या विझल्या. आचाऱ्यांना बाहेर काढलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हॉल मोकळा करायला पायजे. पर गॅसचं नाव काढलं तर लोक चेंगरून मरतील."

म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, आणि बाहेर पडायला पुढचं एकच मोठं दार. बबनराव फाटकाकडं पळाले. तिथं बँडची गाडी उभी होती. त्यांनी गाणाऱ्याच्या हातातला माइक घेतला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "मंडळी! पहिली पंगत बाहेर लिंबाखाली बसतीया! पाव्हन्यांनी बसून घ्यावं! जागा थोड्या हायेत!"

तीन मिनिटांत हॉल रिकामा! धक्का नाही, बुक्की नाही. अक्षता मुठीत तशाच.

मुलीचे वडील संतापून माझ्यावर धावून आले. "अहो, लग्न लागायचंय अजून!" मी त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लगेच त्यांनी नवरा-नवरीचे हात धरले आणि बाहेर नेलं.

एकाही दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. सगळी दारं-खिडक्या उघडल्या. अर्ध्या तासानं रेशमी साडी खोचून मी गुडघ्यांवर बसले आणि जमिनीलगत नाक नेऊन कोपरान् कोपरा हुंगला. वास नव्हता. बबनरावांनी नवा पाइप बसवला. मुलीच्या वडिलांनी आमच्यापुढं हात जोडले.

"चला, आता लग्न लावून घेऊ," कुणीतरी म्हणालं. नवरा आला, नवरी आली, मामा आले. गुरुजी कुठं दिसेनात. शोधाशोध झाली. शेवटी सापडले. लिंबाखाली, पहिल्या पंगतीत, मांडी घालून. पुढ्यात रिकामी पत्रावळ, भोवती पाणी फिरवून झालेलं.

मुलीचे वडील काकुळतीला आले. "गुरुजी, उठा हो! मुहूर्त टळून गेला!"

गुरुजी जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मुहूर्त मी दुसरा काढून देईन. पहिली पंगत मला कोण काढून देणार?"