सारवणातल्या टाचा
नव्या रेक्झिनचा वास आला, की मला शिराळ्याजवळच्या आमच्या घराचं सारवलेलं अंगण आठवतं. मालक फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी रेक्झिनच्या, उंच टाचांच्या सँडल आणल्या. "क्वार्टर मिळाली की तुला न्हेतो. तिथल्या बायका असल्याच घालत्यात," असं सांगून ते परत गेले. सासूबाई उसाच्या रानात गेल्या, की मी अंगणात एकटीच चालायची सवय करायचे. मालकांनी परेडसारखी आधी टाच टेकवायला शिकवलं होतं. ती सारवणात रुतायची, तोल पुढं जायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे. सासूबाई यायच्या आत मी भोकं लिंपून टाकायचे. एकदा राहून गेली. सासूबाईंनी वाकून त्यांवरून बोट फिरवलं. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तेल कोमट केलं आणि माझ्या पोटऱ्या चोळत म्हणाल्या, "तुझं सासरं बी फौजेतच व्हतं. तिकडं नेसायला म्हणून मला लुगडं आणलं व्हतं. अजून घडी मोडली न्हाई बघ." आम्हाला क्वार्टर कधी मिळालीच नाही. आता ओट्यापाशी उभं राहून एकटीपुरती भाकरी थापताना माझ्या टाचा आपोआप वर उचलल्या जातात, कुणी न्यायला आल्यासारखं.