ढावल्यावरचं कुलूप

हे म्या कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, ज्याच्यासंग रोज चहा पेतो त्या दोस्तालेही नाही. तुले सांगून राह्यलो, कारण तू मले ओळखत नाहीस — ओळखत असता तर हिंमतच झाली नसती माही.

वणीत माहं दुकान आहे. लोकाइच्या वेबसाइटी बनवून देतो — ट्रॅव्हल्सवाल्याइच्या, दवाखान्याइच्या. आमच्यासारख्या वेबवाल्याइचा फोनवर एक ग्रुप आहे. दिवसभर तिथं चकल्लस चालते. कोणता ब्राउझर चांगला, कोणाची साइट पडली, अन् फिरून फिरून एकच वाद — नेटवरच्या गोष्टीले पैसे कायले द्यायचे?

संगीता मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची. कॉलेज शिकलेली, मले दादा म्हणते. तिच्या याडीचा — म्हणजे आईचा — गळा असा, की आजूबाजूच्या तांड्याइतून तिले बोलावणं ये. त्याइच्यात नवरी सासरी निघते तवा आपल्या माणसाइच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याले ढावलो म्हणतात. जाणत्या बाया नवरीले तो शिकवतात. बाहेर शिकायले गेलेल्या पोरीइले आता येत नाही. म्हणून संगीतानं ठरवलं — याडीचा आवाज भरून साइटवर ठेवायचा, ज्या पोरीले शिकायचा तिनं थोडे पैसे भरून ऐकावा. पैसे गाणाऱ्या बायाइले. साइट बनवायचं काम तिनं मले देलं.

याडी तयारच नव्हती. घरात नवरी नसताना ढावलो गायचा नाही, हे तिचं म्हणणं. संगीतानं लय मनधरणी केली. शेवटी याडी म्हणे, गाते, पण ज्या पोरीचं लगन हाय तिच्याच कानावर पडला पाह्यजे. रस्त्यावर नाही.

हे माह्यासमोर बोलली ते. म्याच मान डोलावली. कुलूप मी करणार होतो नं!

अन् म्या काय केलं? खरं कुलूप करायले मेहनत लागते. पैसे भरल्याशिवाय गाणं समोरच्याच्या फोनात उतरलंच नाही पाह्यजे. म्या आळस केला. गाणं आधीच उतरे, वरून नुसता पडदा — 'पैसे भरा'. कोणाले समजते, म्हटलं. आळस काही गुन्हा नाही, असं वाटते का तुले? मलेही तसंच वाटे. थांब, पुढं आहे.

एक दिवस ग्रुपवर तोच वाद पेटला. एक जण म्हणे, नेटवर पैसे भरणारा येडा. दुसऱ्यानं मले डिवचलं — तू तर कुलपं विकतो बे, उघडता तरी येतात का तुले? धडाधड हसरे चेहरे पडले. मले झोंबलं. बस, एवढंच — झोंबलं. म्या संगीताच्या साइटची लिंक टाकली अन् खाली लिहिलं, पडदा कसा सरकवायचा. वाहवा झाली. अंगठे आले. खरं सांगू? लय बरं वाटलं मले.

मंग भानावर आलो अन् मेसेज मिटवला. पण काय उपयोग? कोणीतरी गाणं काढून घेतलं, त्याले ढोलाचा ठेका लावला, अन् 'रडणारी बाई' म्हणून सोडून देलं. पानठेल्यावर वाजलं. पांढरकवड्याले एका वरातीत पोट्टे त्याच्यावर नाचले, म्या डोळ्यानं पाह्यलं. तांड्यावरही वाजलं कोणाच्या तरी फोनवर. याडी अंगणातच होती.

संगीता दुकानात आली. रडली नाही — रडली असती तर बरं झालं असतं. इतकंच विचारलं, दादा, कोणी केलं असंल हे? तवा सांगता आलं असतं. तोंड उघडलं बी माहं. अन् त्यातून निघालं काय — पैसे भरणाऱ्या पोरीइपैकीच असंल कोणी. तिनं मानलं. आपल्याच पोरीइवर शक घेतला, एकेकीले फोन लावून विचारलं. कितीतरी जणी तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. साइट बंद केली तिनं. वरून माहेच आभार मानले — दादा, तुमी होते म्हणून निभावलं. अन् म्या ते आभार घेतले. कसा माणूस असंल मी, सांग?

याडीनं गाणं सोडलं. बोलावणं आलं की गळा बसला म्हणे.

औंदा संगीताचं लग्न झालं. दूरच्या नातेवाइकाइले घरबसल्या दिसावं म्हणून लग्न नेटवर थेट दाखवायचं काम तिनं मलेच देलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणू? गेलतो. निघायची वेळ झाली, बाया गोळा झाल्या. संगीता याडीच्या गळ्यात पडली. ढावलो नवरीनंच गायचा, पण पहिली ओळ याडीनं उचलून द्यायची असं मायलेकीइचं ठरलं होतं. याडीनं तोंड उघडलं. मंग तिची नजर माह्या हातातल्या फोनवर गेली.

पदर तोंडात कोंबला तिनं. संगीता वाट पाहत राह्यली, बायाही. मी फोन खाली घेतला असता तर? नाही घेतला. संगीता मुकाट्यानं गाडीत बसली.

फोनवर पाहणाऱ्याइचे मेसेज येऊन राह्यलते — दादा, काही ऐकू येऊन नाही राह्यलं. आवाज चेक करा.

आवाज चालू होता.