शेव सांडली की नापास

प्रिय ईरा आणि मिहिर,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं बाबाला हसत होतात. पिवळा दिवा दिसला की तो थांबतो, मागचे चिडतात आणि तुम्हाला लाज वाटते म्हणे. ईरा आता गाडी शिकणार आहे, आणि गेल्या महिन्यात आमचे ब्रेक-गुरुजी वारले. तेव्हा हे आत्ताच लिहिलेलं बरं.

ब्रेक-गुरुजी गाडी चालवायला शिकवत नसत, थांबवायला शिकवत. पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागच्या रस्त्यावर पहिले चार दिवस नुसतं थांबायचं. ते शेजारी बसत, हातात कागदावर पोहे. गाडी अशी थांबली पाहिजे की वरची शेव जागची हलता कामा नये. शेव सांडली की नापास. पंचेचाळिशीत मी त्यांच्याकडे शिकले, तेव्हा आठवडाभर गाडीभर शेव होती.

दसऱ्याला लोक बॉनेटला हार घालत. गुरुजी वाकून ब्रेकच्या पेडलला हळदकुंकू लावत. "हार थोबाडाला घालता, आणि वाचवतो कोण?"

तुमचा बाबा विसाव्या वर्षी त्यांच्याकडे गेला. हात विलक्षण सफाईदार. बेटम्याच्या रस्त्यावर ट्रक आणि बसच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी गाडी काढायचा. आम्हाला कोण कौतुक! गुरुजींनी त्याला तीनदा नापास केलं. मी जाब विचारायला गेले.

"गुरुजी, इतकी छान चालवतो की!"

"छान चालवतो, हीच तर दिक्कत आहे, बाईसाहेब. अनाडी घाबरत घाबरत जातो, खंबा ठोकतो, बंपर तुटतो. हड्डी तोडतात ते हुशार. याला अजून डर लागलेली नाही."

मला राग आला. मी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे: प्रत्येक कागदाला फाइल, प्रत्येक फाइलला लेबल. ओळखीच्या एका गृहस्थांना सांगून मी मुलाचं लायसन्स करवून घेतलं. कागद सगळे चोख होते. चाचणी तेवढी झाली नव्हती.

तीन आठवड्यांनी भंवरकुआंच्या चौकात लाल दिवा लागला होता. रस्ता मोकळा होता म्हणून सगळे जातच होते. एक स्कूटर थांबली होती. तीही निघेल असं तुमच्या बाबाने धरलं. स्कूटरवर गुरुजी होते.

जमलेले लोक रस्त्यावर पडलेल्या गुरुजींनाच समजावत होते, "भिया, रिकाम्या रोडवर थांबायची काय जरूरत होती? मागच्याला कसं समजणार?"

दवाखान्यात त्यांचा डावा पाय वर टांगलेला. तुमचा बाबा पायथ्याशी उभा राहून रडत होता. मी म्हटलं, "चूक माझी आहे. लायसन्स मी करवलं."

"माहीत आहे. मी तर पास केलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "रडू नको बे. क्लचचा पाय गेला, ब्रेकचा शाबूत आहे. प्लास्टर निघालं की ये. पोहे तू आणायचे."

लायसन्स मी कपाटात कुलूपबंद केलं. फाइलला लेबल लावलं नाही. पाच महिने तो पोहे नेत राहिला. एके सकाळी शेव हलली नाही. गुरुजींनी ते पोहे तिथेच बसून खाल्ले आणि म्हणाले, "लागली डर. जा आता."

ते शेवटपर्यंत लंगडत चालले. त्यांची गाडी कधीच भंगारात गेली. पिवळा दिवा दिसला की तुमच्या बाबाचा पाय ब्रेकवर जातो, तेवढं शिल्लक आहे.