उशिरा आणला

गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या त्या गावात कोणाले ताप भरला की पहिले पुजारी, मंग आशाबाई, अशी रीत. ती उलटी कराले गावच्या आशाबाईनं, सोमारीनं, बारा वर्सं घातली. बाया टोमणे मारत, "सोमारीबाई, तुही सुई देवाहून मोठी काऊन व?" ती गुमान रक्त तपासाले लोकायचं बोट टोचत राहायची.

औंदा पावसाळ्यात पुजारी बुधूभाऊच्याच तरण्या पोराले, एका लेकीच्या बापाले, सुनिलले हिव आलं. सोमारीनं त्याच दिवशी रक्त किटवर घेतलं. मलेरिया निघाला, तोही मेंदूत चढणारा. किटवर तिनं पेनानं नाव, तारीख लिहिली.

"भाऊ, आज देव राहू द्या. दवाखाना पहिले."

बुधूभाऊनं पूजेसाठी बांधलेलं कोंबडं सोडून दिलं. "तुया शब्दावर पाठवून राह्यलो, बाई."

दवाखान्यात मोठे डॉक्टर सुट्टीवर. दोन दिवस नुसती सलाईन. तिसऱ्या दिवशी सुनिल बापाले ओळखेना, तशी एकदम घाई सुटली, जिल्ह्याले न्या, आत्ताच न्या. गाडीपाशी नर्सबाई हळूच बोलून गेली, "इथी गेला तं आमच्या नावावर चढते." खाणीच्या ट्रकांमागं गाडी रांगत होती, तिथीच तो गेला.

पंधरा दिवसांनी तालुक्याले सुनिलच्या मरणाची बैठक झाली. आरोग्य खात्याच्या साहेबांनी कागद सरकवला. 'पुजाऱ्याकडे उपचार. रुग्णालयात उशिरा आणला.' खाली सोमारीच्या सहीची जागा.

सोमारीनं पिशवीतून किट काढून टेबलावर ठेवली. "तारीख पाहा, साहेब. त्याच दिवशी आणला."

"वापरलेली किट सांभाळून ठेवायची नसते, एवढंही माहीत नाही? आणि पोरगा पुजाऱ्याचाच ना?"

"हो. पण पूजा नाई झाली."

तिनं सही नाई केली. साहेबांनी कागद तसाच फायलीत घातला. बिनसहीचाही चालत होता.

गावात येऊन तिनं बुधूभाऊले कागदातलं सारं सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराले सुनिलच्या लेकीले ताप आला. सोमारी किट घेऊन दारात गेली. अंगणात कोंबडं बांधलेलं होतं.

"पहिले माहा देव होऊ दे," बुधूभाऊ बोलला. "तू परवा ये."

"परवा उशीर होईल, भाऊ."

"तो तं तुमच्या कागदावर लिहूनच ठेवला हाय."

सोमारी चप्पल काढून ओट्यावर बसली. किट उघडली नाई, अन् उठलीही नाई.